काट्यावरचे साठ किलो

हे मी उभ्यानं टाईप करतोय.

खुर्ची शेजारीच आहे. चांगली गादीची, फिरती. पण बसत नाही. का, ते शेवटी कळेल.

ज्यांना खाली ‘भाऊ, मस्त रंगवलीस’ असं लिहायचंय, त्यांनी इथूनच माघारी फिरावं. मला रंगवता येत नाही. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. मशीन उघडून, जाळून, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन शिकलो. मशीन बिघडतं त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर मेकॅनिक गाढव असतो, एवढंच मी मानत आलो.

यातली बाई माझी सख्खी मोठी बहीण आहे. तिच्यावर काय आलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि मध्यरात्र वगैरे काही नाही. स्मशान नाही, ओसाड बंगला नाही. गेल्या उन्हाळ्यातली टळटळीत दुपार. एक पत्र्याची कॅबिन. कॅबिनमध्ये एक कॉम्प्युटर.

आणि तो कॉम्प्युटर सारखा हँग होत होता...

ताई खडीच्या खाणीवर काट्यावर बसायची. काटा म्हणजे वजनकाटा. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी पाटी. डंपर रिकामा आला की तिच्यावर उभा राहतो, भरून जाताना परत उभा राहतो. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. काट्याला लागून कॅबिन, लोखंडी पायऱ्यांची. आत काचेच्या खिडकीशी ताई, तिच्यासमोर कॉम्प्युटर, आणि भिंतीवर एक जुना डबा. लाल आकड्यांचा. वजन आधी त्या डब्यावर उमटतं, मग तिथून कॉम्प्युटरमध्ये जातं.

हा डबा लक्षात ठेवा.

ताईकडे एक माईक असायचा. बाहेर खांबावर कर्णा. "गाडी पुढे घ्या", "थोडी मागे", असं ती त्यावरून सांगायची. आणि बाहेर, काट्यापाशी, उन्हातान्हात उभा असायचा शिट्टी.

त्याला सगळे शिट्टीच म्हणायचे. गळ्यात दोरीला शिट्टी, डोक्याला फडकं, अंगावर मांस म्हणावं तर नाहीच. त्याचं काम असं : डंपर काट्यावर चढला की भोवती एक फेरी मारायची. सगळी चाकं पाटीवर आहेत का, कुणी माणूस वर उभा नाही ना, ते बघायचं. मग स्वतः खाली उतरायचं आणि शिट्टी फुंकायची. शिट्टी ऐकली की ताई बटण दाबायची, वजन नोंदलं जायचं आणि काट्यापुढच्या लाल दिव्याचा हिरवा व्हायचा. मगच डंपर हलायचा.

शिट्टी नाही तर बटण नाही. हा त्या दोघांचा नियम. खाणमालक शेठनं नव्हता घातला. त्यांनीच घातला होता.

आणखी एक गोष्ट ते करायचे. सकाळी काटा चालू केला की पहिली गाडी यायच्या आधी शिट्टी स्वतः पाटीवर उभा राहायचा. काटा बरोबर चालतोय का, याची ती परीक्षा. हा काटा दहा-दहा किलोच्या पायरीनं चालतो, त्यामुळे त्याचं वजन कायम एकच यायचं. ताई माईकवरून ओरडायची, "साठ!"

तो खालून ओरडायचा, "शिट्टीसकट!"

मग ताई म्हणायची, "दादा, जरा खात जा, नाहीतर एक दिवस काटा तुम्हाला मोजायचाच नाही."

रोजचा तोच विनोद. रोज दोघं हसायचे.

त्याच काट्यावर तो मेला.

त्या दिवशी गाड्यांची रांग लागली होती. शेठ कॅबिनमध्ये येऊन ताईच्या डोक्यावर उभा होता. "चला बाई, चला, हात चालवा." शिट्टी डंपरच्या पुढच्या चाकापाशी वाकून बघत होता. शिट्टी वाजली नव्हती. ताई थांबली होती.

शेठनं तिच्या खांद्यावरून हात घातला आणि बटण दाबलं.

दिवा हिरवा झाला...

ताईनं पोलिसांना जे पाहिलं ते सगळं सांगितलं. घाबरली नाही, लपवलं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि लिहिलं भलतंच. माणूस सावलीला म्हणून गाडीखाली झोपला होता म्हणे! चालत्या काट्यावर, डंपरच्या चाकापुढे, झोपला होता! शेठ आजही पांढरेशुभ्र कपडे घालून फिरतो. मी हे इथं उघड लिहितोय. वाचत असशील तर वाच.

शिट्टीच्या जागी दुसरा माणूस ठेवलाच नाही. "दिवा आहे ना, माणूस कशाला हवा?"

आणि मग कॉम्प्युटर हँग व्हायला लागला.

ताईनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज नेहमीचाच होता. "अरे, ये ना जरा. हे धूड सारखं अडकतंय. शेठ म्हणतो, परत अडकलं तर काट्यावर दुसरी मुलगी बसवतो."

तिचं घर त्या नोकरीवर चालायचं. भाऊजींचे पाय कामातून गेलेत, ते घरीच असतात. मी दुकान बंद केलं आणि निघालो.

पोचलो तेव्हा बाहेर डंपर खोळंबले होते. सगळ्यांत पुढे होता तो भोंगा. हा ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नाही, म्हणून त्याला भोंगा म्हणतात. मला बघून खिडकीतून ओरडला, "आले डॉक्टर! पेशंट जिवंत आहे का बघा लवकर, नाहीतर इथंच संसार थाटावा लागेल आम्हाला."

कॅबिनमध्ये गेलो. पडदा गोठलेला. माउस हलत नाही. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबलेलं. बाहेर लाल दिवा.

आणि पडद्यावर वजन होतं... साठ.

काटा रिकामा होता.

"अडकलं की जुना आकडा दिसत राहतो," मी म्हणालो. "घाबरतेस काय?"

ताईनं फक्त वर बोट केलं.

भिंतीवरच्या डब्यावरही साठ होते.

डब्याचा आणि कॉम्प्युटरच्या हँग होण्याचा काही संबंध नाही. डबा काय वजन आहे तेच दाखवतो. मी खिडकीतून पुन्हा बघितलं. लोखंडी पाटी, तिच्यावर धूळ, वर ऊन. बाकी काही नाही.

"कधी कधी होतं असं?"

"कधीही. गाडी यायच्या आधी. मग थोडा वेळ सगळं बंद. आणि मग..."

"मग काय?"

"तू हसशील."

"ताई, बोल ना."

"मग शिट्टी वाजते. आणि चालू होतं."

मी हसलो नाही. पण मनात म्हटलं, बाईनं डोळ्यांदेखत माणूस चिरडताना बघितलाय. होतं असं. काट्याखाली दगड अडकला असेल, सेन्सर म्हातारा झाला असेल. आपण बघू घोडं कुठं अडलंय ते.

"मी खाली जाऊन पाटीवर उभा राहतो. तू आकडा सांग."

खाली उतरलो. पाटी तव्यासारखी तापली होती. मी मध्यावर जाऊन उभा राहिलो. माझं वजन सत्तर.

कर्णा खरखरला. ताईचा आवाज आला...

"एकशे तीस."

बरोबरच होतं की. सेन्सर साठ जास्तीचे दाखवतोय, त्यात माझे सत्तर. हिशेब चोख. मी ताईला अंगठा दाखवला, म्हटलं, सापडला रोग.

तेवढ्यात माझ्या शेजारची पाटी वाजली.

टण्ण...

भरीव लोखंडावर कुणी पाय उचलून पुन्हा ठेवला की वाजते तशी. हातभर अंतरावर. मी स्तब्ध उभा होतो. माझा पाय हलला नव्हता.

पुन्हा... टण्ण.

या वेळी थोडी लांब. मग आणखी लांब. पाटीच्या कडेकडे.

मग शिट्टी वाजली.

भोंग्याचा हॉर्न नव्हे. पक्षी नव्हे. शिट्टी. आखूड, एकदाच, कामाच्या माणसानं फुंकावी तशी. भोंग्यानं हॉर्नवरचा हात काढला. त्याला ऐकू आली असणार, कारण त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

कर्ण्यातून ताई म्हणाली, "सत्तर. चालू झालं बघ."

मी पाटीवरून उडी मारून उतरलो. हो, उडी मारून. इथं शूरपणा दाखवायला आलो नाही.

वर आलो तर शेठ उभा. हातात रुमाल, तोंडात उपदेश. आयुष्यात कधी फावडं उचललं नाही, पण खाण कशी चालवावी यावर प्रवचन द्यायला कायम तयार.

"काय हो कॉम्प्युटरवाले, होतंय का नीट? का बाईंनाच सुट्टी देऊ?"

"होईल. सिस्टीम जुनाट आहे. अपडेट मारावा लागेल."

"मग मारा की. वाट कसली बघताय?"

ताईनं माझ्या शर्टाची बाही धरली. शेठला ऐकू जाणार नाही अशी हळू म्हणाली, "अपडेटनं थांबायचं बंद होईल का?"

"त्यासाठीच तर करतोय."

"मग तो उतरेपर्यंत गाड्या कशा थांबतील?"

"कोण तो?"

तिनं बाही सोडली.

आता जरा कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुना वजनाचा प्रोग्राम असा होता की काटा शून्यावर आल्याशिवाय पुढची गाडी घ्यायचा नाही. काट्यावर साठ असले की तो शून्याची वाट बघत बसायचा, आणि त्या जुनाट सिस्टीमवर तो एक अडकला की सगळं मशीनच अडकायचं. दिवा लाल. गाडी जागेवर. ही मी शोधलेली कारणमीमांसा, आणि ती खरीच आहे. नव्या सिस्टीमवर प्रोग्रामही नवा लागतो. त्या नव्यात एक सोय असते. पाटीवर चिखल साचतो, पाणी साचतं, त्याचं किरकोळ वजन शून्यच धरायचं. किती किलोपर्यंत, ते आपण ठरवायचं.

मी शंभर टाकले.

अपडेट चालू असताना कॉम्प्युटर बराच वेळ काळाठिक्कर पडून होता. गोल चक्र फिरत होतं. सगळं जोडलेलं बंद. मी वर बघायचं नाही असं ठरवलं होतं.

बघितलंच.

डब्यावर साठ होते.

मशीन सुरू झालं. नवा पडदा, चकचकीत. काटा : शून्य. भोंग्याची गाडी चढली, वजन आलं, बटण, हिरवा दिवा, गाडी गेली. पुढची चढली. अडकणं नाही, थांबणं नाही. शेठनं माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात काम!"

ताई डब्याकडे बघत होती.

नंतरचे काही दिवस तिचा फोन नाही. मला बरं वाटलं. मग एका दुपारी आला. मागं डंपरची घरघर ऐकू येत होती.

"वाजत नाही आता," ती म्हणाली.

"काय?"

"शिट्टी. तू अपडेट केल्यापासून एकदाही वाजली नाही."

"बरं झालं ना मग!"

"बरं?" ताई माझ्यावर आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "अरे गाढवा, पडदा शून्य दाखवतो, दिवा हिरवा होतो आणि गाडी चढते. तो काट्यावर असतानाच चढते! आधी मशीन थांबायचं, तो उतरायचा, शिट्टी द्यायचा. आता त्याला उतरायला वेळच मिळत नाही. माझ्यासमोर रोज, प्रत्येक गाडी... त्याच्यावरून..."

"ताई, शांत हो. तुला कसं कळतं?"

"डबा. गाडी गेली की डबा शून्यावर येतो. मग मी बघते... दहा. मग वीस. थांबतो. मग तीस. कुणी हात टेकून उठावं तसा... मग गुडघा... मग उभा राहतो. साठ. आणि मग पुढची गाडी."

सेन्सर बिघडला तर आकडा उडतो, अडकतो. असा एकेक पायरीनं उठून उभा राहत नाही.

"मी येतो," म्हटलं. "मी शंभरचे शून्य करतो. परत जुन्यासारखं करतो. तू फक्त..."

"शेठ करू देईल?"

खरं होतं. नाही देणार.

फोनवर एक गाडी गेल्याचा आवाज आला. मग ताईचा श्वास. ती आकडे पुटपुटत होती. "दहा... वीस..." आणि मध्येच रडायला लागली. माझी ताई रडत नाही हो. भाऊजींचा अपघात झाला तेव्हासुद्धा तिनं आधी सगळ्यांना जेवायला वाढलं होतं.

मग मला खटका ऐकू आला. माईक चालू केल्याचा.

"ताई, काय करतेस?"

ती माझ्याशी बोलत नव्हती. बाहेर कर्ण्यातून तिचाच आवाज, फोनमध्ये दुहेरी होऊन घुमत होता.

"दादा... उन्हात नका उभे राहू तिथं. या. आत या."

"ताई!"

सगळी घरघर थांबल्यासारखी. खडी फोडणारा क्रशरही नाही, हॉर्नही नाही. मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

"शून्य झालं," ती कुजबुजली.

मग लांबून... टण्ण.

कॅबिनच्या लोखंडी पायऱ्या. मी त्या पायऱ्या चढलोय, तो आवाज मला पाठ आहे. एक. मग दुसरी. दमलेल्या माणसानं चढाव्यात तशा, प्रत्येक पायरीवर थांबून. मग कडी वाजली. मग दाराचं बिजागर.

आणि ताई म्हणाली, अगदी घरी पाहुणा यावा तशी...

"बसा."

फोन बंद झाला.

मी स्कूटर कशी पळवली मला आठवत नाही. कॅबिनमध्ये गेलो तर ताई एकटीच होती. खिडकीशी, नेहमीच्या जागी. पण टेबल तिच्या छातीपर्यंत आलं होतं. लहान पोर मोठ्यांच्या टेबलाशी बसावं तशी दिसत होती. तिची ती वर-खाली होणारी खुर्ची पार तळाला गेली होती. मी दांडी ओढून खुर्ची वर केली. ताई पुन्हा बसली. खुर्चीनं हळूच सुस्कारा टाकला आणि तिला घेऊन खाली गेली...

डब्यावर शून्य. पडद्यावर शून्य. गाड्या बिनबोभाट जात होत्या.

"गेला बघ तो," मी म्हणालो. माझ्याच आवाजावर माझा विश्वास नव्हता.

ताईनं उजवा खांदा चोळला. "हो," म्हणाली. "तिथं नाही आता."

पुढचं लक्षात यायला वेळ लागला, कारण ते थोडं थोडं झालं.

आधी खांदा दुखायला लागला. मग मान. मग ताई चालताना पुढे वाकायला लागली. आमची आई म्हणाली, "ही माझ्यापेक्षा म्हातारी दिसायला लागली." भाऊजी म्हणाले, जिना चढताना हिची पावलं जड वाजतात. आणि ती तर रोडावत चालली होती. गालफडं बसली होती. मी तिला स्कूटरवर मागं बसवायचो तेव्हा मागचं चाक दबायचं. हवा भरून घेतली. तरी दबायचं.

"नोकरी सोड," मी म्हटलं.

"सोडून काय होणार?" ती म्हणाली. "काट्यावर आता काही नाही."

मी भांडलो तिच्याशी. "ज्यानं बटण दाबलं त्याच्या मानगुटीवर का नाही बसत तो? तू तर त्याच्या बाजूनं बोललीस! तूच एकटी बोललीस!"

"शेठनं त्याला आत बोलावलं नव्हतं," ताई म्हणाली. एवढंच.

मला याचा राग येतो. आजही येतो. जिवंतपणी सगळा भार गरिबावर, आणि मेल्यावरही भार गरिबावरच. शेठचा खांदा नुसता शोभेला.

शेवटी तिला डॉक्टरकडे नेलं. सकाळची वेळ, बाहेर माणसं बसलेली, पंखा फिरतोय, भिंतीवर दात घासणाऱ्या मुलाचं चित्र. घाबरण्यासारखं काही नाही. नर्स टेबलाशी खाली मान घालून केसपेपर भरत होती. शेजारी वजनाचं यंत्र, आकड्यांचं. आकडा तिच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर दिसायचा.

"चप्पल काढा. उभ्या राहा," ती मान वर न करता म्हणाली.

ताई उभी राहिली. मी दाराशी होतो. यंत्रावर ताई एकटीच, आजूबाजूला कुणी नाही. हात खाली सोडलेले. पाठ वाकलेली.

नर्सनं आकडा बघितला. कपाळाला आठ्या घातल्या. मान अजून खालीच.

आणि वैतागून म्हणाली...

"एकेकानं उभं राहा हो."

मग तिनं वर बघितलं.

पेन तिच्या हातातून गळालं. ते तसंच घरंगळत टेबलाच्या कडेला गेलं आणि खाली पडलं. कुणी उचललं नाही.

ताई डोळे मिटून उभी होती. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

डॉक्टरांनी यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं. हाडं ठीक, रक्त ठीक, गोळ्या लिहून दिल्या. शिकलेला माणूस. मीही महिन्याभरापूर्वी सेन्सर बिघडलाय असंच म्हणालो होतो, त्यामुळे त्याला काय बोलू?

परत येताना चढावर स्कूटर थांबली. इंजिन ओरडत होतं, चाक सरकेना. ताई म्हणाली, "मी उतरते." उतरताना तिचा पाय लटपटला आणि ती गुडघ्यांवर बसली. रस्त्यात. माझी ताई. दोन्ही हात जमिनीला टेकून उठायचा प्रयत्न करत होती. आधी हात. मग गुडघा...

मला डब्यावरचे आकडे आठवले. दहा. वीस. तीस.

माझं डोकं फिरलं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण रागाची जात वेगळी. मी तिच्या खांद्यामागच्या रिकाम्या हवेकडे बघून ओरडलो. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

"अरे, मरेल ती! तुझ्यासाठी बोलली, तुझ्यासाठी रडली, तिलाच मारतोस? सोड तिला! यायचंच असेल तर माझ्यावर ये. अपडेट मी मारला. मी आहे ना इथं. ये!"

ताई किंचाळली, "नको! असं बोलवू नकोस त्याला!"

रस्ता शांत झाला.

काही झालं नाही. खरंच. वारा नाही, सावली नाही. ताई उठली. मी तिचा हात धरला. आम्ही चढ चालत चढलो, मी स्कूटर ढकलत.

घरी पोचेपर्यंत ताई सरळ चालत होती.

त्याला आता बरेच दिवस झाले. ताईनं खाण सोडली. एका शाळेच्या ऑफिसात लागली आहे. खांदा दुखत नाही. जेवते, हसते, भाऊजींना टोमणे मारते. परवा आईला म्हणाली, "अंग कसं हलकं हलकं वाटतंय." आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग ताईनं माझ्याकडे बघितलं. आणि तिचं हसू विरलं.

खाणीवरचा काटा अजून छान चालतो म्हणे. हँग होत नाही. भोंगा परवा दुकानात आला होता, चार्जर घ्यायला. माझ्याकडे बघत म्हणाला, "काय हो डॉक्टर, असे वाकून का चालताय? म्हातारे झालात का?"

मी म्हटलं, स्कूटर ढकलून लचक भरली असेल.

बायको म्हणते, जिना हळू चढत जा, खालचे तक्रार करतात.

दुकानातली माझी खुर्ची मी दोनदा बदलली. नवी आणली की बसतो. ती हळूच सुस्कारा टाकते...

म्हणून उभ्यानं टाईप करतोय.

चौकात औषधाच्या दुकानाबाहेर वजनाचं यंत्र आहे. रोज त्याच्यासमोरून जातो. दुकानदार ओळखीचा आहे, हाक मारतो, "या की, फुकट आहे, बघा किती भरता ते."

मी अजून त्याच्यावर उभा राहिलेलो नाही.